नेफासितच्या उतारावर

न खोकता मेली.
आचका नाही, धूर नाही.
बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून
कोणी उठून जावं, तशी,
अठ्ठावन्न सालची फियाट,
नेफासितच्या अलीकडच्या वळणावर.
मग नुसते टायर, आणि वारा,
आणि समुद्राकडून वर चढत आलेलं धुकं.

चौदा महिने मी या इंजिनात राहत होतो.
सिलिंडर कातून घेतले.
रिंगा बोलोन्याहून आल्या, कुणाच्या तरी पुतण्याच्या
सुटकेसमधून, मोज्यांत गुंडाळून.
बेअरिंगा बसवताना श्वास रोखून धरला.
कुठला नट किती आवळला ते
खडूनं भिंतीवर लिहिलंय, अजून पुसलेलं नाही.
आणि आज पहिल्यांदाच अस्मारा सोडून खाली,
वीस किलोमीटर.

पुढच्या सीटवर गाडीची मालकीण, अब्रेहेत बाई.
मांडीवर चपलांची पिशवी,
मसावाच्या वाळूत घालायला वेगळ्या.
मागे झेरेझ्गी मिस्त्री, डोळे मिटून.
मी हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड सारला
आणि मनातल्या मनात इंजिन पुन्हा उघडलं,
टायमिंगच्या साखळीपासून,
एकेक पाप आठवत.

मिस्त्री उतरले. आधी कठड्याआड लघवीला गेले.
मग आले आणि म्हणाले,
"खोकत मेली तर पेट्रोल.
मुकाट मेली तर ठिणगी."
"आमचे हे मुकाटच गेले," बाई काचेतून म्हणाल्या,
"जेवता जेवता."
मी पाना पुसत राहिलो.
स्वच्छच होता तो.

हँडल मारायला लावलं. दाब आहे:
चारही वेळा त्यानं माझा हात मागे रेटला.
पंपाची कळ दाबली. पेट्रोल आहे,
कार्बोरेटरचं तोंड ओलं.
कॉइलची वायर काढून लोखंडाजवळ धरली.
काही नाही.
फिरव. काही नाही.
"शेवटचा हात कुठे लावलास?"
"सगळीकडेच."
"शेवटचा म्हणजे शेवटचा."

डिस्ट्रिब्यूटर. काल रात्री, गॅप लावताना.
झाकण काढलं. पॉइंट उघडतायत, मिटतायत,
कोरे, चकचकीत, निरपराध.
शेजारी बोटभर लांबीची एक वायर,
कापडी वेष्टणाची, जुनीच,
धडधाकट दिसली म्हणून ठेवलेली.
मिस्त्रींनी ती दोन नखांत धरून हलकेच ओढली.
ती ताणली गेली.

तांबं असं ताणत नाही.
ताणलं ते वरचं कातडं. आत तार केव्हाच तुटलेली,
दोन टोकं एकमेकांना टेकवून
वीस किलोमीटर संसार रेटत आलेली.

चौदा महिन्यांत काय काय जमवलं होतं मी,
वीतभर वायर सोडून.
मिस्त्रींनी गाडीत डोकं घालून वर बघितलं.
छतातला दिवा.
त्याची वायर कापली, दातांनी सोलली, बसवली.
"ताठ आहे ही. पुन्हा तुटेल."
"कधी?"
"तिला विचार."

दुसऱ्या चावीला पेटली.
कठड्यावरचे बबून दचकून दरीकडे सरकले.
मी विचारलं, मागे फिरायचं का?
"चढावर तुटली तर ढकलणार कोण?" बाई म्हणाल्या.
"खाली चल. उताराला इंजिन लागत नाही."
धुक्यातून एक पोरगा निवडुंगाची बोंडं घेऊन आला होता.
त्यांनी सहा घेतली, सोलली,
आणि मसावापर्यंत बोटांतले काटे
दातांनी काढत बसल्या.

ती वायर मी पुढे बदलली. मऊ, नवी घातली.
दिव्याचं राहून गेलं.
रात्री त्यांच्या फाटकाशी दार उघडतो
तेव्हा आत अंधार असतो.
त्या चाचपत उतरतात, आधी एक पाय,
मग पिशवी, मग दुसरा.
उद्या लावतो म्हणालो, तर म्हणतात,
असू दे, कळतं मला कुठे काय आहे ते.