रिव्हर्स

झुल्माला अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन्स मिळालं.
परीक्षकाने तीनदा नापास केलं, चौथ्यांदा तो कंटाळला,
असं ती स्वतःच सांगते.
गाडी मागे घेणं तिला अजून जमत नाही.
म्हणून आदल्या रात्री नकाशा पसरून
आम्ही असं गाव शोधलं, जिथला रस्ता
वळसा घालून आपण होऊन परत येतो.
बार्रा चिका. दीडशे घरं, एक दीपगृह,
आणि रस्त्याचं गोल कडं, बांगडीसारखं.

मे महिना. आमच्याकडे मे म्हणजे
स्वेटरचा पहिला आठवडा, डांबरगोळ्यांचा वास.
फार्मसीत रजेच्या अर्जावर कारण लिहिलं: काही नाही.
मालकाने दोनदा वाचलं. सही केली.

नऊ नंबरचा हमरस्ता, साठचा वेग.
ट्रकांनी आम्हाला मागे टाकलं, गुरांच्या गाडीने टाकलं,
मोपेडवरच्या एका पाद्रीबाबानेही, झगा फुगवून.
झुल्मा प्रत्येकाला हात करते,
जणू तिनेच मोठ्या मनाने वाट दिली.
माझ्या मांडीत थर्मास, हातात मातेची तुंबडी.
एक कडू घोट मला, एक तिला,
तोही सरळ रस्ता असेल तरच.
वळणावर ती श्वाससुद्धा घेत नाही.

रोचाच्या पुढे बुतियाची झाडं लागली.
ताडाच्या जातीची, पण ताडाची ऐट नाही,
गुरांच्या घोळक्यात उभी,
बोलावून मग विसरले गेलेले पाहुणे असावेत तशी.
“ओमारबरोबर आले होते एकदा,” झुल्मा म्हणाली.
“काच खाली करू दिली नाही. एसी लावलेला.”
मी काही बोलले नाही. माझी काच खाली केली,
मग वाकून तिचीही, कारण तिचे दोन्ही हात
स्टिअरिंगला चिकटलेले.
ओलं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या, आणि कुठूनसं मीठ.
ती खोकली. पण काच तशीच राहू दिली.

गावात आइस्क्रीमची टपरी बंद, खुर्च्या साखळीने बांधलेल्या.
एउफ्रासियाबाईंच्या खिडकीत तेवढा धूर होता:
समुद्रशेवाळाची भजी, कागदात गुंडाळून, वर लिंबू.
पुड्या घेऊन आम्ही कड्यावरून निघालो
आणि अर्ध्यात रस्ता संपला.
पुढे वाळू. एक वाकडी पाटी. त्यापुढे लाटा.
“गेल्या थंडीत समुद्राने खाल्ला,”
कुंपणावर बसलेला पोरगा म्हणाला,
घरचंच कुणी बिस्किटं खाऊन टाकावीत, तसं.

दोन्ही बाजूंना कुंपण, मागे चिंचोळी गल्ली.
झुल्माने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं.
आम्ही भजी खाल्ली.
मग उरलेली भजी खाल्ली.
लाट येत होती, पाटीला शिवून जात होती.
दार्दो नावाचा कोळी जाळं खांद्यावर टाकून आला:
“काढून देऊ का गाडी?”
“नको. आम्हाला घाई नाही,”
झुल्मा म्हणाली, आणि सीट मागे पाडून
चक्क झोपली, तोंड उघडं टाकून.
मी तिच्या बोटांवरचं तेल पुसलं.

दीपगृह लागलं तेव्हा ती उठली.
सगळं गाव जमलं, म्हणजे सहा माणसं, तीन कुत्री.
डावीकडे! अगं ती उजवी! थांब! ये, ये, ये!
चाळीस मिनिटं लागली, आणि कुंपणाचा एक खांब.
खांबाचा मालक म्हणाला, तसाही तो पडणारच होता.
एउफ्रासियाबाईंनी वरच्या खोलीची किल्ली दिली,
पैसे सकाळी बघू म्हणाल्या.

सकाळी जाग आली तर शेजारची खाट रिकामी.
खाली धुकं, लाटांचा आवाज, आणि इंजिनाचा.
गल्लीच्या टोकाकडून, पाठमोरी, इंचाइंचाने
पिस्ता रंगाची फियाट माझ्याकडे येत होती.
खिडकीतून झुल्माचं डोकं बाहेर,
मागच्या सीटवर कुणाचं तरी कुत्रं,
दोघांचीही नजर मागे.