चार बोटं

फोटो चार बाय सहाचाच हवा.
एका पाकिटात पाच. सहावा निघाला तर सगळेच परत.
पोलरॉइड नको, चमकी नको, लिपस्टिकचा ठसा नको.
हे आता मला तोंडपाठ आहे, थेरॉन,
आईने आपल्याकडून घोकून घेतलेल्या स्तोत्रांसारखं.

कॅटफिशच्या कारखान्यातून सुटले की
औषधांच्या दुकानातल्या त्या मशीनपुढे उभी राहते.
एका प्रतीला एकोणचाळीस सेंट.
हात तीनदा धुते तरी वास राहतो.
वाटायचं, तो तरी पोचेल तुझ्यापर्यंत.
पण हल्ली तुला मिळते ती झेरॉक्स,
आणि मूळ फोटोच्या कुणीतरी यंत्रात शेवया करतं.
करड्या रंगात तुला कसं कळावं
की आईने मागचं दार पिवळं रंगवलंय?
म्हणून वेगळ्या कागदावर लिहिते:
दार पिवळं. कच्च्या बलकासारखं.

मार्चमध्ये तू लिहिलंस,
माणसं नकोत आता. बदलतात, मला जुळवता येत नाहीत.
रस्ता पाठव. मिसिसिपीचा बांध पाठव.
ओट्यापाशी उभं राहिलं की दार कसं दिसतं, ते.
पाठवलं. भांडी तशीच पडली होती,
आवरावीत असं मनात आलं, म्हटलं, राहू देत.
चौथा, कटाल्पाचं झाड, तुझी सायकल टेकलेली.
पाचवा, एवढ्यापुरतं तुझं न ऐकता, ओलेटाचा.

तीन आठवड्यांनी पाकीट परत.
लाल शिक्का. कारण: हाताच्या खुणा,
टोळीशी संबंध असण्याची शक्यता.

अरे, वय सांगत होती ती!
समोर केक, अंगठा आत दुमडलेला,
सुटू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरलेला,
आणि चार बोटं.
तुला नेलं तेव्हा जिनेटला नववा लागला होता.
तिची जेवढी वर्षं, तेवढीच तुझी.

आज पुन्हा काढला.
हात खिशात घाल म्हटलं. घातले.
मग बुटांकडे बघत म्हणाली,
"पण त्याला कसं कळणार, मी केवढी झाले?"

मला काही सुचलं नाही.
मागच्या दाराशी नेऊन उभी केली.
चौकट तेवढी आईने रंगवू दिलेली नाही,
तुझ्या पेन्सिलच्या रेघा आहेत तिच्यावर.
पाचव्या वर्षाच्या रेघेला हिचं डोकं लागतंय.

झेरॉक्समध्ये रेघा उमटतील की नाही, ठाऊक नाही.
उजेडाला धरून बघ.
हात खिशातच आहेत.