पता पडणे

फ्रिजवर, छुट्ट्यांच्या वाटीशेजारी
सौमित्रचा जुना लॅपटॉप आहे.
पडदा तडकलेला, दोन कळा निखळलेल्या.
झाकण मिटून दिवसरात्र जागा असतो.
त्याच्या पोटात माझी साइट:
रामबागेत, जेल रोडला, आमच्या लोकमान्य नगरात
ऐकलेले शब्द,
पुण्याला नेले की ज्यांना लोक हसतात.

निपटवणे. पलटवणे. अटकणे.
‘मी जेवून राहिले आहे’, हे
शरयूताई मुळ्यांच्या आवाजात, मागे कुकरची शिट्टी.
एकशे बेचाळीस नोंदी.
अठरावीत माझंच चुकलंय, अजून तसंच आहे.

जितू केबलवाला शिडीवरूनच म्हणाला,
‘आंटी, पक्का ॲड्रेस चाहिए तो महीने का अलग लगेगा.
वो दुकानवाले लेते हैं.’
म्हटलं, कच्चाच राहू दे.
एकतीस वर्षं बिजली कंपनीत मीटरांचे पत्ते लिहिले.
चक्कीच्या मागे, कडुलिंबाखाली, हिरवं दार.
कडुलिंब तोडला, दार निळं झालं,
बिल पोचायचंच.

तर लाइट जाते. राउटर मरतो, उठतो
आणि नवा आकडा घालून येतो,
चार तुकडे, मध्ये तीन ठिपके.
गंमत अशी की घरात कुणालाच तो माहीत नसतो.
आत फक्त घरातलं नाव चालतं,
एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारं,
गल्लीत प्रत्येकाकडे असतं तसलं. बंड्या, बाळ्या.
म्हणून दर पाच मिनिटांनी एक चिमुकली स्क्रिप्ट
दाराबाहेर जाते
आणि कुणा परक्याला विचारते,
अहो, मी कुठून बोलतेय?
तो सांगतो. ती धावत जाऊन
नावापुढे ते लिहून येते.

मार्चमध्ये मी पासवर्ड बदलला
आणि तिला सांगायचं राहिलं.
तीन दिवस माझं नाव
दुसऱ्याच कुणाच्या घराकडे बोट दाखवत उभं.
देवासला असेल ते घर, किंवा दोन गल्ल्या सोडून.
डॉक्टर बाकळे अकोल्याहून ‘अटकणे’ बघायला आले,
तिथली कडी वाजवून परत गेले.
चौथ्या दिवशी फोनवर माझा आवाज ऐकून
थोडं थांबले. मग म्हणाले,
‘मला वाटलं, गेलात.’

तेव्हापासून दुपारी भांडी झाली की लॉग वाचते.
बरेचसे बॉट. कुलपं हलवून बघणारे.
पण परवा रात्री सव्वादोनपासून
कुणीतरी सारखं एकच मागत होतं:
गोदाम, कॅमेरा दोन.
गोदाम, कॅमेरा दोन.
दर मिनिटाला.
म्हणजे हा आकडा कालपर्यंत त्या गोदामाचा.
मालक कुठेतरी अंथरुणात बसून, फोन तोंडाशी धरून
आपलं शटर बघायला धडपडतोय
आणि माझं घर त्याला सांगतंय,
पान सापडलं नाही.

मी एक पान केलं,
भलत्या नावाने आत येणाऱ्यांसाठी.
सौमित्र म्हणाला, मामी, असं कुणी करत नाही.
मोठ्या अक्षरांत, आधी हिंदी, खाली मराठी:
ते इथे राहत नाहीत आता.
कुठे गेले मला ठाऊक नाही.
तुमच्याकडची लाइट जाऊन आली असेल,
सकाळी कुणाला तरी पाठवून बघा.
शटरचं मी काही सांगू शकत नाही.

कुणी वाचलं का, कळायला मार्ग नाही.
कॅमेरा पानं वाचत नाही, सौमित्र म्हणतो,
आणि कॅमेरा मागणारं ॲपही.
त्या रात्री पावणेचारला मागणं थांबलं होतं,
झोप लागली असेल, किंवा गेला असेल स्वतःच
स्कूटर काढून.

आज शरयूताईंकडून एक शब्द आणला.
नोंद एकशे त्रेचाळीस.
पता पडणे: कळणे, उमगणे.
उदाहरण, त्यांच्याच आवाजात, कुकर नाही, पंखा:
‘समोरचे कधी घर सोडून गेले,
आम्हाला पताच नाही पडलं.’