जोंधळ्याएवढी

टाकी मिरजेची. अय्युब मुजावरांनी स्टुडिओ मोडला
तेव्हा दीडशे रुपयांत आली. झाकणाला चीर,
चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
वर दोन रिळं फुकट दिली आणि म्हणाले,
ओल्या रिळावर फिल्म चढत नाही, पोरी.
घाई असेल त्या दिवशी धुऊच नको.

थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला,
अठराच्या खालचे आकडे पुसलेले.
चालतो. विट्यात पाणी अठराच्या खाली
जातं कधी?
एप्रिलात गच्चीवरून चौतीसनं उतरतं.
मग दगडूच्या रसवंतीतून पाच रुपयांचा बर्फ,
परातीत बर्फ, बर्फात बाटल्या,
आणि पारा विसावर यायची वाट.
दगडूला वाटतं, आमच्याकडं रोज पाहुणे.

अंधार मात्र घरी शिवावा लागला.
तात्यांचे दोन रेनकोट, एकात एक.
त्रिचूरच्या पावसासाठी घेतलेले,
विट्यात त्यांना काम नव्हतं.
गळा शिवून टाकला, खाली चेन लावली,
बाह्यांतून उलटे हात घालायचे.
आत रीळ, टाकी, कात्री
आणि कोपरापर्यंत मी.

काटाही तात्यांचाच, गलाईचा,
लाकडी पेटीतला, पितळी पारड्यांचा.
मेटॉल दोन ग्रॅम तोलताना
ते मागं येऊन उभे राहिले.
श्वास धर, म्हणाले. काट्यावर श्वास पडतो.
मी ज्याला बोरॅक्स म्हणते
तो त्यांचा टाकणखार.
आता एकाच पुडीतून दोघं घेतो.

चौदाव्या वर्षी गेले, चाळीस वर्षांनी आले.
सोनारांच्या दुकानांतली धूळ झाडून, धुऊन, जाळून
त्यातून दुसऱ्यांचं सोनं वेगळं करत राहिले.
तेजाबानं पिवळी पडलेली त्यांची नखं,
डेव्हलपरनं तपकिरी होत चाललेली माझी.
आई जेवायला वाढताना दोन्ही बघते, बोलत नाही.

फोटोंचं त्यांना काही नाही.
पण वापरलेला हायपो मी मोरीत ओतणार
तेवढ्यात, ओतू नको.
वास घेतला. तांब्याच्या काठाला थेंब लावून
धोतरानं पुसला. तिथं पांढरा डाग.
ह्यात चांदी हाय, बया. तू मोरीला चारतीस.

नऊ रोल. पाच महिने. जिन्याखाली कॅन,
कॅनमध्ये भांडी घासायची तार.
तळाला काळा गाळ बसला, तो वाळवला,
मुशीत टाकणखार, वर ज्योत,
आणि चिमट्यानं त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवली
जोंधळ्याएवढी.

ही कुठल्या फोटोतली?
कुठल्याच नाही, म्हटलं. उजेड पडला तिथली
फिल्मवर राहते, काळी होऊन.
पडला नाही तिथली हायपो घेऊन जातो.
त्यांनी ती काट्यावर टाकली. श्वास धरला.
अर्धा ग्रॅम न्हाई. गॅसचं पैसं बी निघायचं न्हाईत.
आणि वजनांच्या खाचेत, रतीच्या शेजारी,
ठेवून पेटी लावली.

काल त्यांचाच रोल धुतला.
मुशीपुढं वाकलेले, नकळत काढलेले.
न्हाणीत तारेला टांगला, खाली दोन चिमटे वजनाला,
बल्बसमोर धरून बघितलं
तर डोकं काळंभोर. एक केस पांढरा नाही.
एसटीत बसताना असेच असतील,
मी ते डोकं कधी पाहिलं नव्हतं.

तात्या, म्हटलं, बघा तरी.
ते आले. वर बघितलंच नाही.
फिल्मच्या टोकावरून थेंब पडत होते,
त्यांनी सरकवलं खाली
एक पातेलं.