मेलेला बटाटा

कोल्चानीच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच,
त्याचंही भिंग गेल्या आठवड्यात तडकलं,
म्हणून एदुविहेस बाईंनी ठरवलं :
आज पेशी बघायची नाही, तोलायची.

तराजू समोरच्या दुकानातून, तासाभराच्या बोलीवर.
बटाटे ज्याच्या त्याच्या घरचे.
मीठ मात्र कुणाला आणायला सांगावं लागलं नाही.
ते खिशांच्या शिवणीत असतंच,
भुवयांवर असतं, वहीच्या पानांत करकरतं,
आणि खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत
दुसरं काही नाही.

दोन ग्लास. एकात टँकरचं गोडं पाणी,
दुसऱ्यात मीठ, विरघळेनासं होईपर्यंत.
बोटाएवढ्या कांड्या कापल्या, वजनं फळ्यावर लिहिली.
मग थांबायचं.

पाऊण तासानं मिठातली कांडी
चिमटीत धरताच मान टाकून मोकळी.
गोड्या पाण्यातली ताठ,
मोडली तर कट्‌कन वाजली.
बाई म्हणाल्या, प्रत्येक पेशीला एक पटल असतं,
पाण्याला वाट देतं,
मिठाला उंबऱ्यावरच उभं करतं.
पाणी आपलं आपण निघून जातं
जिथं ते कमी आहे तिकडे.
कुणी ढकलत नाही.

मागच्या बाकावरून साविना चोकेतिक्ल्या
ती मान टाकलेली कांडी बघत होती
आणि बापाचे हात आठवत होती :
वीस वर्षं मिठाचे ढीग ओढणारे,
बोटांच्या पेरांवर चिरा,
चिरांत पांढरी रेघ.

तिनं डब्याच्या फडक्यातून काहीतरी काढलं.
काळं, हलकं, खडकाच्या कपचीसारखं.
चुन्यो.
जूनमधल्या तीन रात्री मावशीनं उघड्यावर पसरलेला,
हिमानं आतून फोडलेला,
उन्हं चढताच अनवाणी पायांनी तुडवून
पाणी काढलेला बटाटा.
दहा वर्षं टिकतो. वीसही, असं मावशी म्हणते.

‘बाई, हा कुठल्या ग्लासात?’

‘सुपात!’ सिल्वेस्त्रे ओरडला, वर्ग हसला.
बाई हसल्या नाहीत.
त्यांच्या टाचणात हा बटाटा नव्हता.
त्यांनी स्वतःचा डबा उघडला,
उकडलेल्या बिटाचं लाल पाणी तिसऱ्या ग्लासात ओतलं,
त्यात एक ताजी फोड टाकली, एक चुन्यो,
वर वहीचा पुठ्ठा ठेवला.
‘उद्या,’ म्हणाल्या.
दुकानदार दारात उभाच होता. तराजूच्या पारड्यावरचं मीठ
बाहीनं पुसत घेऊन गेला.

रात्री ग्लासाच्या कडेला बर्फ धरला होता.
सकाळी दोन्ही फोडी धुतल्या, सुरीनं मधोमध चिरल्या.
ताजी : कडेला गुलाबी धागा, आत पांढरीशुभ्र.
चुन्यो : लाल.
थेट गाभ्यापर्यंत लाल.

फळ्यावर कालच्या आकड्यांखाली बाईंनी लिहिलं, विसरण.
शब्द जरा फसवाच,
कारण ताज्या फोडीला रात्रभर
आपण कोण हे आठवतच होतं.

‘म्हणजे,’ साविना म्हणाली, ‘मेल्यावर
कुणालाच नाही म्हणता येत नाही?’
बाईंनी खडू खाली ठेवला, परत उचलला.
‘रंगाला तरी नाही,’ म्हणाल्या.
तेवढंच त्यांना नक्की माहीत होतं.

लाल चुन्यो तिनं घरी नेला. अन्न ते अन्न.
मावशीनं वास घेतला, बघितलं,
काही न विचारता सुपात टाकला.

चुलीशी बसून साविनानं
बापाच्या बोटांना लामाची चरबी चोळली.
एक चीर ओली होती, कडा गुलाबी.
बापानं हात मागे ओढला.
‘झोंबतंय गं.’

‘झोंबतंय ना?’ ती म्हणाली,
आणि हात पुन्हा ओढून घेतला
उजेडाकडे.