गेटपास

सातपूरच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं
मी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारतोय :
माल परत येणार की नाही?
येणार असेल तर गुलाबी पास,
नसेल तर पांढरा.
म्हणून सहलीची यादी करायला बसलो
तेव्हाही वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली.
वृषाली हसली. "तंबूलाही गेटपास?"

शनिवारी कंपनी बंद, पण तिची शाळा चालू.
रविवारी मुक्ताचा क्लास, दुपारी टेस्ट.
आठवड्याला सात वार असून
आम्हा चौघांना मिळून एकही सापडेना.
होळीच्या अलीकडचा शनिवार ठरला,
तोही मुक्ता "बघू" म्हणाली तेवढाच.

हरसूलच्या पुढं उंबरपाणी.
तिथं झऱ्याखाली, नदीच्या वळणावर,
तुळशीराम भोये तीन तंबूंपुरती जागा देतो.
फोन लावला, अर्धा आवाज वाऱ्यानं खाल्ला.
नदीचं नाव काय, विचारलं.
म्हणाला, "नदीच. दुसरी आहेच कुठं?"
मार्चमध्ये पाणी असतं?
"उंबराच्या मुळातून येतंय.
थांबलेलं पाहिलं नाही,
बारीक झालेलं पाहिलंय."
मग जरा गप्प राहून :
"वरच्या डोहात उतरू नका, साहेब.
नऊपर्यंत बाया भरतात.
मे लागला की वाटीवाटीनं भरतात,
रात्रभर."
साबण आणू नका, असं काही तो म्हणाला नाही.
नग आठ, साबण, अंगाचा, एक.
मीच खोडला.

अगस्त्य विचारतो, रात्री झरा बंद कोण करतं?
त्याचंही बरोबर आहे,
त्यानं पाणी पाहिलंय ते सकाळी सहा ते सात.
मीही नदी पाहिली ती गोदाघाटावर,
पायऱ्यांच्या मापाची.

गुलाबी बाजू :
तंबू, नांदूर नाक्याच्या साडूंचा, एक खुंटी कमी.
ताडपत्री. बॅटरी. छोटा गॅस.
पातेली दोन, झाकणांसह
(झाकणं वृषालीनं स्वतः लिहिली, खाली रेघ मारून).
पांढरी बाजू :
तांदूळ दीड किलो, बाजरीचं पीठ, कांदे,
काड्यापेटी, डासांची अगरबत्ती,
भडंग, जे त्र्यंबक यायच्या आत संपेल.

भांडण झालं ते पाण्याच्या जारवरून.
मी म्हणालो, झऱ्यावर निघालोय
आणि गंगापूर धरणाचं पाणी सोबत घेऊन?
ती म्हणाली, मुलाच्या पोटाला झरा कळत नाही.
दहा मिनिटं कुणी बोललं नाही.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग जार गुलाबीत गेला, पाणी पांढऱ्यात,
आणि ती भाजी परतता परतता म्हणाली,
उरलं तर तिथल्याच बायांच्या हंड्यात ओतून येऊ.
हे मात्र कुठल्या रकान्यात लिहायचं
मला एकोणीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही.

रात्री वही टेबलावर राहिली होती.
सकाळी शिफ्टला निघताना पाहिलं,
गुलाबीच्या तळाशी पेन्सिलीनं, तिरकं :
माणसं, चार.
मुक्ताचं अक्षर.
पुढच्या वर्षी दहावी. मग पुणं म्हणते,
कधी त्याहून लांबचं काही म्हणते, फोनवर, दार लावून.

दुरुस्तीला गेलेला माल येतो परत,
नंबर तोच असतो,
पण आवाज बदललेला असतो मोटरचा.
आम्ही सही करून घेतो ठेवून.

पेन काढलं होतं मी खिशातून.
तिच्या चारला हात लावला नाही.
त्याच्याखाली फक्त लिहिलं :
साडूंना खुंटीचं विचारणे.