आवक-जावक

खिडकीतल्या मुलानं विचारलं, किती तिकिटं?
म्हटलं, एकच.
अण्णांना इथं यायचे पैसे मिळायचे,
एक तारखेला, कापून-छाटून.

दिंडी दरवाजा अजून तेवढाच बुटका.
जेलर असो की चोर, इथं मान खालीच,
असं अण्णा म्हणायचे
आणि स्वतःची टोपी काखेत मारायचे.

गाइड पोरगी चुणचुणीत. भैरवी नाव.
सांगते, दगड नदीपलीकडच्या खाणीतला,
कमानीवरचं साल झिजून गेलंय,
बांधायला मजूर मिळेनात, तर साहेबानं कैदीच जुंपले.
म्हणजे ज्यांनी भिंत रचली
तेच पहिल्या रात्री तिच्या आत निजले.

ही देशभक्तांची कोठडी.
तसबीर, झेंडूचा हार, दोरखंडाचं कुंपण.
सगळे चपला काढतात.
पुढच्या बाराव्या कोठडीशी कुणी काढत नाही.
तिथं सायकलचोर असायचे,
बांधावरून भावाचं डोकं फोडलेला एक,
पितळेला सोनं म्हणणारा भोरचा सोनार,
आणि तारीखच पडत नाही
म्हणून नुसते बसून राहिलेले.

‘एक मिनिट दार लावून अनुभव घ्या!’
हडपसरचं एक जोडपं आत शिरतं.
बाहेरून कडी. ती हसते, तो फोन धरतो.
चाळीस सेकंदांनी आतून तोच म्हणतो,
उघडा आता.

दिवेलागणीला अण्णा गिनती करायचे.
दोनशे चौदा. बरोबर.
मग क्वार्टरवर येऊन तेच.
ताटं पाच, चपलांचे जोड पाच, पोरं तीन.
बरोबर.
मगच भिंतीला पाठ.

शेवटच्या खोलीत काचेखाली एक वही,
आवक-जावक.
कुणीतरी सहज उघडून ठेवलेलं पान.
तारखेआधी मी अक्षर ओळखलं.
त्यांचा ‘ळ’ असाच,
पायात पाय अडकून पडल्यासारखा.

दूध, तीन शेर.
सुतळी, दोन गुंड्या.
लोकर, लाल, सतरंजी खात्याकडे.
फ्रॉक, पिवळा, जुना, नग एक.
बायकांची बराक. कृष्णी, राहणार दौंड,
हिच्या मुलीकरता.

त्या फ्रॉकच्या खिशावर बदक होतं.
मी दोन दिवस जेवले नव्हते.
वाळत घातला होता, वाऱ्यानं नेला,
आई म्हणाली.
अण्णा काहीच बोलले नाहीत.
त्या रात्री त्यांनी ताटं
दोनदा मोजली, एवढं आठवतं.

जावकचा रकाना कोरा.

‘कुणाला काही विचारायचंय?’
मी विचारलं,
आयांबरोबरची मुलं गिनतीत धरायचे का गं?
भैरवी कागद चाळते.
म्हणते, माहीत नाही काकू,
मला दिलंय त्यात हे नाहीये.

माझं वय तेव्हा पाच.
तिचं किती असेल?
फ्रॉक तिला गुडघ्याखाली गेला असेल, की आखूड झाला?
बदकाला तिनं काय म्हटलं असेल,
जिनं तळं पाहिलं नव्हतं,
आभाळ पाहिलं तेही चौकोनी?

बाहेर सूर्य कलला.
शिपाई दिंडीपाशी तिकिटांचे तुकडे परत घेतोय,
ओठ हलवत मोजतोय.
सत्तावीस आत.
सव्वीस बाहेर.

‘एक कमी आहे,’ दारावरून हाक आली.

मी काचेवर तळहात टेकवून उभी.
ओ दिली नाही.
थोडा वेळ राहू दे
कमी.